अंबाडी

अंबाडी : (हिं. पटसन, बं. मेस्ता, ते. गोगु, क. पुंडी, त. पुळिच्चै, लॅ. हिबिस्कस कॅनाबिनस, कुल–माल्व्हेसी). खोडाच्या सालीतील बळकट धाग्यासाठी लागवडीत असलेली वर्षायू ओषधी. जास्वंद, भेंडी, कापूस व परस पिंपळ या परिचित वनस्पती याच कुलातील असून जास्वंद तर अंबाडीच्याच वंशातील आहे. जागतिक व्यापारात अंबाडीचा धागा ‘केनाफ’ या मूळच्या फार्सी नावाने ओळखला जातो. भारतात त्याला दख्खनी अंबाडी, बिमली ज्यूट, मेस्ता अशी प्रदेशपरत्वे निरनिराळी नावे मिळाली आहेत. ‘बिमली’ हे नाव आंध्र प्रदेशातील भीमुनिपट्टनम् (बिमलीपट्टम्) या बंदरावरून पडले. ब्रिटिश अमदानीत परिसरातील धागा याच बंदरातून परदेशी जात असे. दोरखंड, गोणपाट व सुतळी हे या धाग्याचे जुने उपयोग होत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कागदाचा लगदा, दाबीव फळ्या, मोटारगाड्यांतील अस्तरे, तेल शोषणारे पदार्थ इत्यादींसाठीही ही वनस्पती उपयुक्त असल्याचे दिसून आल्यामुळे जंगलतोड व खनिज तेलजन्य धागे यांना पर्याय म्हणून तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले.

कार्ल लिनीअस यांनी १७५९ मध्ये या जातीला शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘कॅनाबिनस’ या गुणनामाचा अर्थ ‘भांगेसारखी’ असा आहे. हाताच्या बोटांप्रमाणे विभागलेली पाने आणि सालीतील धागा या दोन बाबतींतच अंबाडीचे भांगेशी साम्य आहे; तिचे कुल सर्वस्वी वेगळे असून तीत मादक द्रव्य नसते.

मूलस्थान व प्रसार : अंबाडीचे मूलस्थान आफ्रिका होय. तेथे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस तिचे जंगली प्रकार अजूनही आढळतात. सुदानच्या पश्चिम भागात ती प्रथम लागवडीखाली आली असावी, असे बहुतेक तज्ञांचे मत आहे. आफ्रिकेत तिची कोवळी पाने भाजीसाठी आणि साल दोरासाठी फार पूर्वीपासून वापरली जाते. भारतातही ती प्राचीन काळीच आली आणि येथे तिचे अनेक स्थानिक प्रकार निर्माण झाले. हे प्रकार वेगळे करण्याचे पद्धतशीर काम अ‍ॅल्बर्ट हॉवर्ड व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याने बिहारमधील पुसा येथे केले. खोडाचा व पानांच्या देठाचा रंग, पानांचा आकार इ. लक्षणांवरून अंबाडीच्या प्रकारांची केलेली त्यांची विभागणी १९११ मध्ये प्रसिद्ध झाली व ती पुढील संशोधनाला आधारभूत ठरली.

वनस्पतिवर्णन : हे झुडूप सरळ वाढणारे असून त्याची उंची सामान्यतः १·५ ते ४ मी. असते. दाट पेरणीत त्याला फांद्या जवळजवळ फुटत नाहीत. विरळ पेरणीत मात्र ते फांद्यांनी पसरते. खोड बारीक, हिरवे, तांबूस किंवा जांभळट असून त्यावर बहुधा लहान लहान काटे असतात. सोटमूळ जमिनीत खोल जाते. पाने साधी व एकाआड एक. खालची हृदयाकृती व अखंड, तर वरची हस्ताकृती, ३ ते ७ खंडांत विभागलेली व दंतुर कडांची असतात. एकाच झाडावर दोन्ही तऱ्हांची पाने आढळत असली, तरी काही प्रकारांत सर्वच पाने अखंड राहतात. पानाच्या खालच्या बाजूस मध्यशिरेवर एक मधुप्रपिंड असतो.

फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. ती मोठी (सु. ८ ते १५ सेंमी. व्यासाची), फिकट पिवळी व मध्यभागी गडद जांभळी असून पहाटे उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. परागण मुख्यतः स्वफुलातच होते. तथापि मधमाश्यांमुळे काही प्रमाणात परपरागणही घडते. फळ (बोंड) लहान, टोकदार व केसाळ असून त्यात करड्या रंगाची, साधारण त्रिकोणी बीजे असतात. एक हजार बीजांचे वजन सु. २५ ते ३० ग्रॅ. भरते. बीजांत सु. २० टक्के तेल असते.

अंबाडी व लाल अंबाडी : व्यवहारात या दोन वनस्पतींची नेहमीच गल्लत होते. लाल अंबाडी (हिबिस्कस सबदारिफा) ही याच वंशातील, पण वेगळी जाती आहे. तिच्या फुलाचा संवर्त फळ तयार होताना मांसल, लाल व आंबट होतो. सरबत, मुरंबा व चटणी यांसाठी जी ‘अंबाडीची बोंडे’ बाजारात येतात, ती याच जातीची होत. अंबाडीचा संवर्त असा मांसल होत नाही. लाल अंबाडीच्या उंच व फांद्या न फुटणाऱ्या एका प्रकारापासूनही धागा काढतात. भारतातील ‘मेस्ता’ या व्यापारी नावात दोन्ही जातींचा धागा समाविष्ट होतो, त्यामुळे मेस्ताच्या क्षेत्राचे व उत्पादनाचे आकडे केवळ अंबाडीचे समजून चालत नाही. अंबाडीच्या कायिक कोशिकेत ३६, तर लाल अंबाडीच्या कोशिकेत ७२ गुणसूत्रे असतात. अंबाडी लवकर तयार होते व तिचा धागा तुलनेने तलम असतो. लाल अंबाडी अधिक काळ शेतात राहते, परंतु पाण्याचा ताण व मुळांवरील सूत्रकृमी यांना अधिक चांगले तोंड देते.

हवामान व जमीन : अंबाडी हे उष्ण प्रदेशातील पीक आहे. ज्यूटला भरपूर पाऊस, दमट हवा व गाळाची जमीन लागते. अंबाडी त्यापेक्षा कितीतरी कमी पावसावर आणि हलक्या जमिनीतही येते. वाढीच्या काळात चांगला विभागलेला ५०० ते ७५० मिमी. पाऊस तिला पुरतो. मध्यम काळी, पोयट्याची किंवा रेताड पोयट्याची, निचऱ्याची जमीन तिला मानवते. पाणी साचून राहिल्यास मात्र पिकाचे नुकसान होते.

दिवसाच्या लांबीला ही वनस्पती फार संवेदनशील असते. दिवस मोठा असेपर्यंत तिची केवळ उंची वाढत राहते आणि तो लहान होऊ लागला, म्हणजे फुले येतात. फुले आल्यावर खोडाची वाढ मंदावते व साल राठ होऊ लागते. धागा खोडाच्या सालीतून मिळावयाचा असल्याने पेरणीची वेळ या पिकात निर्णायक ठरते. मे-जूनमध्ये पेरलेल्या पिकाला वाढीसाठी तीन-चार महिने मिळतात. ऑगस्टमध्ये पेरलेले पीक कमी उंचीवरच फुलते. याच गुणाचा फायदा घेऊन धाग्याचे पीक लवकर आणि बियाण्याचे पीक उशिरा पेरतात. बियाण्याच्या पिकाची झाडे बुटकी व फांद्यांची असल्याने ती सांभाळणे व बोंडे काढणे सोपे जाते.

लागवड : जमीन नांगरून व कुळवून भुसभुशीत केल्यावर पावसाच्या आरंभी पाभरीने पेरणी करतात. दोन ओळींत सु. ३० सेंमी. व विरळणीनंतर दोन रोपांत सु. १० सेंमी. अंतर ठेवतात. हेक्टरी १२ ते १५ किग्रॅ. बी लागते. सुरुवातीच्या चार-पाच आठवड्यांत एक-दोन निंदण्या व विरळणी आवश्यक असते. त्यानंतर पिकाची पाने एकमेकांना भिडून जमिनीवर सावली धरतात आणि तणे आपोआप दबली जातात. हेक्टरी सु. ४० किग्रॅ. नायट्रोजन व त्याच्या निम्म्या प्रमाणात फॉस्फरस व पोटॅश देण्याची शिफारस आहे. भारतात एचसी ५८३, एएमसी १०८ व एमटी १५० (निर्मल) हे अंबाडीचे, तर एचएस ४२८८ व एचएस ७९१० हे लाल अंबाडीचे सुधारित प्रकार प्रसारित करण्यात आले. पश्चिम बंगालमधील बराकपूर येथील केंद्रीय ज्यूट व संबद्ध धागे संशोधन संस्था आणि आंध्र प्रदेशातील आमदालवलसा येथील संशोधन केंद्र यांचे या पिकावरील कार्य उल्लेखनीय आहे.

रोग व किडी : मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी हे अंबाडीचे प्रमुख शत्रू होत. त्यांचा उपद्रव असलेल्या जमिनीत तृणधान्यांशी फेरपालट करणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. करपा (कवकजन्य) हा रोग शेंडा मारून पिकाचा संपूर्ण नाश करू शकतो. खोड व मूळ कुजविणारे कवकजन्य रोग पाणी साचणाऱ्या शेतात बळावतात. भारतात एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा, पानांच्या शिरा पिवळ्या करणारा विषाणुजन्य रोग विशेष त्रासदायक ठरला आहे. किडींपैकी पिठ्या ढेकूण, तुडतुडे, खोडास वेढे घालीत पोखरणारी अळी व पाने खाणारे भुंगेरे यांचा उपद्रव होतो. कापूस व अंबाडी एकाच कुलातील असल्याने कापसावरील काही किडींना अंबाडीचा आश्रय मिळतो. कापसाच्या पट्ट्यात ही वनस्पती लावताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

कापणी व धागा काढणे : सुमारे निम्म्या झाडांना फुले आली, म्हणजे पीक कापणीस तयार झाले असे समजतात. ही अवस्था पेरणीपासून १०० ते १२० दिवसांत येते. त्याआधी कापल्यास धागा नाजूक व कमी मिळतो. बी धरेपर्यंत थांबल्यास तो राठ व खरखरीत होतो. खोडे जमिनीलगत कापून १५ ते २० सेंमी. व्यासाच्या जुड्या बांधतात व त्या दोन-चार दिवस शेतातच उभ्या ठेवतात, म्हणजे पाने गळून पडतात व जमिनीला खत मिळते.

खोडाच्या सालीतील धाग्यांचे जुडगे पेक्टीन या चिकट द्रव्याने भोवतालच्या ऊतकाला व आतील लाकडाला चिकटलेले असतात. हे द्रव्य विरघळविण्यासाठी खोडे कुजवावी लागतात. त्यासाठी जुड्या ओढा, तळे किंवा खड्डा यांतील पाण्यात आडव्या रचून वर वजन ठेवून बुडवितात. पाण्यातील सूक्ष्मजंतू पेक्टिनाचे विघटन करतात व पाण्याच्या तापमानानुसार १० ते २० दिवसांत साल लाकडापासून सुटू लागते. नेमका क्षण ओळखणे हे अनुभवाचे काम आहे : कमी कुजल्यास धाग्याला सालपटे चिकटून राहतात, अधिक कुजल्यास धागाच तुटतो. वजन म्हणून चिखलाची ढेकळे किंवा केळीचे खुंट वापरल्यास धागा काळपट पडतो, म्हणून दगड किंवा सिमेंटचे ठोकळे श्रेयस्कर असतात. कुजलेली खोडे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून हातांनी सोलतात, धागा आपटून स्वच्छ धुतात व दांडीवर वाळवितात. चांगल्या मशागतीच्या पिकापासून हेक्टरी ४० ते ५० टन ओली खोडे व त्यांच्या सु. ५ ते ६ टक्के, म्हणजे २० ते ३० क्विंटल, कोरडा धागा मिळतो. कोरडवाहू शेतात प्रत्यक्षात मिळणारे उत्पन्न यापेक्षा बरेच कमी असते.

या पद्धतीत पाणी फार लागते व ते दूषित होते. कुजताना पाण्यातील ऑक्सिजन संपून मासे मरतात, दुर्गंधी सुटते व मिथेन वायू बाहेर पडतो. मजुरांना दिवसचे दिवस त्या पाण्यात उभे राहावे लागते. म्हणून ओल्या खोडावरील साल यंत्राने आधीच सोलून केवळ सालीच्या पट्ट्या कुजविण्याची पद्धत निघाली. तीत पाणी, जागा व वेळ या सर्वांची बचत होते. निवडक सूक्ष्मजंतूंचे मिश्रण पाण्यात टाकून कुजण्याची क्रिया जलद करण्याचा उपायही बराकपूरच्या संस्थेने प्रचारात आणला. ‘क्रायजाफ सोना’ हे असेच एक मिश्रण होय.

धाग्याचे गुणधर्म : वाळलेल्या खोडाच्या वजनापैकी सु. ३५ ते ४० टक्के भाग सालीचा व उरलेला आतील हलक्या, सच्छिद्र लाकडाचा असतो. सालीतील एकेक मूलधागा सरासरी २·५ मिमी. लांब, तर लाकडातील धागा जेमतेम अर्धा मिमी. लांब असतो. बाजारातील दोन-तीन मीटर लांबीचा धागा म्हणजे असंख्य मूलधाग्यांचा पेक्टीन व लिग्निन यांनी जोडलेला जुडगा होय. अंबाडीचा धागा फिकट पिवळसर किंवा रुपेरी, चमकदार व बळकट असतो. ज्यूटपेक्षा तो काहीसा जाड व ताठ असल्याने कातण्यापूर्वी तेल व पाणी यांच्या मिश्रणाने मऊ करून घेतात. गिरण्यांत तो बहुधा ज्यूटमध्ये मिसळून गोणपाटासाठी वापरला जातो.

एकाच खोडातील लांब व आखूड धाग्यांचा हा भेद अंबाडीच्या सर्व आधुनिक उपयोगांच्या मुळाशी आहे. जेथे बळकटी हवी तेथे साल, व जेथे हलकेपणा व शोषकता हवी तेथे लाकूड उपयोगी पडते.

व्यापाराचा इतिहास : अंबाडीचे महत्त्व नेहमीच ज्यूटच्या टंचाईबरोबर वाढले, असे इतिहासावरून दिसते. दुसऱ्या महायुद्धात आशियातील धाग्यांचा पुरवठा धोक्यात येताच अमेरिकेने क्यूबाच्या सहकार्याने अंबाडीचे संशोधन हाती घेतले. पुढे करप्याने तेथील पीक उद्ध्वस्त केले, तेव्हा रोगप्रतिकारक प्रकारांचा शोध सुरू झाला व त्यातून एव्हरग्लेड्स ४१ व एव्हरग्लेड्स ७१ हे फ्लॉरिडातील प्रकार निघाले. भारतात हीच परिस्थिती १९४७ च्या फाळणीने निर्माण झाली. ज्यूटच्या गिरण्या हुगळीकाठी भारतात राहिल्या, तर ज्यूट पिकविणारा बहुतेक प्रदेश पूर्व पाकिस्तानात गेला. गिरण्या चालू ठेवण्यासाठी ज्यूटबरोबर मेस्ताची लागवडही आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा इ. राज्यांत वाढविण्यात आली. १९७१ मध्ये स्थापन झालेले भारतीय ज्यूट निगम शेतकऱ्यांकडून आधारभूत किंमतीला ज्यूट खरेदी करू लागले. मेस्ताचाही त्या खरेदीत समावेश होता. चीन, थायलंडचा ईशान्य भाग आणि सोव्हिएट संघातील उझबेकिस्तान हेही विसाव्या शतकातील महत्त्वाचे उत्पादक होते.

१९६० नंतर कृत्रिम धाग्यांच्या स्वस्त पोत्यांनी ज्यूट व मेस्ता या दोहोंची बाजारपेठ आकुंचित केली. भारतात १९८७ च्या कायद्याने धान्य व साखर यांसाठी ज्यूटची पोती सक्तीची केल्यामुळे गिरण्यांना आधार मिळाला; तरीही मेस्ताचे क्षेत्र उत्तरोत्तर घटतच गेले.

उपयोग : (१) दोर व विणकाम : दोरखंड, सुतळी, पोती, तरटे, गालिच्यांचे पाठकापड व मासे धरण्याची जाळी ही अंबाडीची पारंपरिक उत्पादने होत. उतारावरील माती धुपू नये म्हणून अंथरावयाच्या जाळ्यांसाठीही हा धागा वापरतात. बी रुजून गवत उगवेपर्यंत अशी जाळी माती धरून ठेवते व नंतर स्वतःच कुजून जाते.

(२) कागद : अमेरिकेच्या कृषी खात्याने १९५० नंतर लाकडाला पर्याय शोधण्यासाठी पाचशेहून अधिक वनस्पतींची तपासणी केली, तीत अंबाडी सर्वांत आशादायक ठरली. तिच्यात लिग्निन लाकडापेक्षा कमी असल्याने लगदा तयार करण्यास रसायने व ऊर्जा कमी लागतात. कॅलिफोर्नियातील ‘बेकर्सफील्ड कॅलिफोर्नियन’ या दैनिकाने १९८७ मध्ये आपला एक अंक अंबाडीच्या कागदावर छापला. तथापि कारखानदारी पातळीवर अडचणी आल्या. खोडे वजनाला हलकी, पण आकाराने अवजड असल्याने वाहतूक महाग पडते. पीक वर्षातून एकदाच निघते व कारखान्याला मात्र बाराही महिने माल लागतो. थायलंडमध्ये खोन केन येथे अंबाडीवर चालण्यासाठी उभारलेला लगद्याचा कारखाना पुढे बांबू व निलगिरीकडे वळला.

(३) संमिश्र पदार्थ : सालीचा धागा प्लॅस्टिकमध्ये मिसळून किंवा दाबून तयार केलेल्या फळ्या वजनाने हलक्या व ताठ असतात. काचधाग्यापेक्षा त्या हाताळण्यास निरुपद्रवी असतात व त्यांसाठी ऊर्जाही कमी लागते. मोटारींच्या दारांची आतील अस्तरे व सामान ठेवण्याचे फलक यांत त्यांचा उपयोग होतो. जपानी व अमेरिकन मोटार-कारखान्यांनी २००० नंतर या धाग्याचा वापर केला आहे. वनस्पतिजन्य प्लॅस्टिक व अंबाडी यांच्या मिश्रणापासून जपानमध्ये २००६ मध्ये एका दूरध्वनिसंचाचे आवरणही बनविण्यात आले.

(४) लाकडाचा भाग : खोडातील सच्छिद्र लाकूड स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून घेते. सांडलेले तेल टिपणे, जनावरांच्या गोठ्यात अंथरणे, मातीविना रोपे वाढविण्याचे माध्यम, उष्णतारोधक व ध्वनिशोषक फळ्या हे त्याचे उपयोग होत. खेड्यात वाळलेल्या काड्या जळणासाठी व कुडासाठी वापरतात.

(५) अन्न व चारा : कोवळ्या शेंड्यांची व पानांची आंबट भाजी करतात. कोवळ्या झाडांत प्रथिने भरपूर असल्याने त्यांचा चारा चांगला होतो. बीजांचे तेल सरकीच्या तेलासारखे असून दिव्यासाठी, साबणासाठी व शुद्ध करून खाण्यासाठी उपयोगी पडते. पेंड गुरांना घालतात.

महाराष्ट्रातील अंबाडी : महाराष्ट्रात अंबाडी सलग पीक म्हणून क्वचितच घेतली गेली. विदर्भ व मराठवाड्यात ज्वारी, कापूस व तूर यांच्या शेतात ओळीने अथवा बांधाकडेने ती पेरण्याची रीत होती. काटेरी खोडांची ही रांग गुरांना काही अंशी अडवी व शेतकऱ्याला घरचा वाखही मिळे. पावसाळ्याच्या अखेरीस ओढ्याच्या डोहात जुड्या भिजत घालून वाख काढीत आणि तो वर्षभर पुरवीत. दावी, कासरे, वेसणी, म्होरक्या, मुसकी, शिंकी, चऱ्हाटे व मोटेचे नाडे यांसाठी शेती-व्यवहारात वाखाची सततची गरज असे. दोर वळण्याचे काम गावगाड्यात परंपरेने मातंग समाजाकडे होते व त्याबद्दल त्यांना बलुते मिळे. पोळ्याच्या सणाला बैलांना नवे दोर घालण्याच्या प्रथेमुळे श्रावणात या कामाला विशेष वेग येई. विहिरींवर मोटेऐवजी पंप आले, बैलांची संख्या घटली व नायलॉनचे दोर स्वस्त झाले, तशी ही गरज आणि तिच्यावर अवलंबून असलेले कसब ही दोन्ही मागे पडली.

भाजी म्हणून मात्र अंबाडीने आपले स्थान टिकविले आहे. पाने शिजवून, तुरीची डाळ आणि तांदळाच्या किंवा ज्वारीच्या कण्या घालून व वर लसणाची फोडणी देऊन केलेली भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. विदर्भ-मराठवाड्यात महालक्ष्मींच्या (गौरींच्या) नैवेद्यात तिला मान असतो. आंध्र प्रदेश व तेलंगणातील ‘गोंगुरा’ ही हीच भाजी. तीसाठी अंबाडी व लाल अंबाडी या दोहोंची पाने वापरतात.

पर्यावरण व भवितव्य : अंबाडीचा पुरस्कार आज मुख्यतः पर्यावरणाच्या दृष्टीने केला जातो. चार महिन्यांत तयार होणारे, कोरडवाहू जमिनीत येणारे, तणांना स्वतःच दडपणारे, पानांनी जमिनीला खत देणारे व पूर्णपणे कुजणारे असे हे पीक आहे. जलद वाढीमुळे ते हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड मोठ्या प्रमाणात शोषून घेते, हेही खरे आहे. तथापि या विधानाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. वर्षायू वनस्पतीने शोषलेला कार्बन ती कुजली किंवा जाळली म्हणजे पुन्हा हवेत जातो. जपानमध्ये १९९० नंतर शाळाशाळांतून अंबाडी लावण्याची चळवळ झाली, तेव्हा काही पर्यावरणतज्ञांनी हाच आक्षेप घेतला. खोडापासून टिकाऊ वस्तू तयार झाली किंवा तिने प्लॅस्टिक, काचधागा अथवा जंगलातील लाकूड यांची जागा घेतली, तरच खरा लाभ पदरात पडतो. केवळ लागवडीने तो होत नाही.

दुसरा प्रश्न शेतकऱ्याचा आहे. मलेशियात तंबाखूला पर्याय म्हणून अंबाडीला उत्तेजन देण्यासाठी २०१० मध्ये स्वतंत्र मंडळ स्थापण्यात आले. असे शासकीय पाठबळ असूनही जवळपास प्रक्रिया-कारखाना व निश्चित भाव नसेल, तर अवजड खोडांचे हे पीक शेतकऱ्याला परवडत नाही, हा अनेक देशांतील अनुभव आहे. याउलट, खात्रीचा पुरवठा दिसल्याशिवाय कारखानदार भांडवल गुंतवीत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी साल सोलणारी लहान यंत्रे गावपातळीवर उपलब्ध होणे, साल व लाकूड या दोन्ही भागांना गिऱ्हाईक मिळणे आणि कमी पाण्यात कुजविण्याच्या पद्धतींचा प्रसार होणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात. विशेषतः महाराष्ट्रासारख्या अवर्षणप्रवण राज्यात पीक पावसावर येत असले, तरी धागा काढण्यासाठी पावसाळ्यानंतर लागणारे पाणी हीच त्याच्या विस्ताराची खरी मर्यादा आहे. ती दूर झाल्यास, बांधावर टिकून राहिलेल्या या जुन्या पिकाला कोरडवाहू शेतीत पूरक उत्पन्नाचे साधन म्हणून पुन्हा स्थान मिळू शकेल.